सहाशे बारा नावं आणि एक ठसका

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. त्यात गुपित काही नाही, दारावर पाटी आहे. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तेच निघालं, तर उद्यापासून मला त्यांचंही नाव घ्यावं लागेल, त्यांच्या घरच्यांचंही, आणि आमची यादी आत्ता कुठे आटोक्यात आली आहे. तेव्हा ज्यांना ओळखता येईल त्यांनी ओळखावं आणि कृपा करून गप्प बसावं.

मी व्रतं पाळते. मोठी नाहीत, रोजची आहेत. खोटं बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. आणि चौथं, ज्याच्यामुळे हा सगळा व्याप झाला, ते असं: सकाळी देवापुढे दिवा लावला की या आडनावाच्या प्रत्येक माणसाचं नाव घ्यायचं, प्रत्येक नावामागे ‘सुखात ठेव’ म्हणायचं आणि मगच पाण्याला तोंड लावायचं. तोवर दुसरं बोलणं नाही. मध्येच वेगळा शब्द तोंडातून निघाला तर पुन्हा पहिल्यापासून.

ही पद्धत माझ्या आजीची. ती जेवायला बसण्याआधी घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची. त्यात सगळ्यात पहिलं एक नाव असायचं, ते आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. विचारलं की म्हणायची, “आहे एक. तू जेव.” लग्न झाल्यावर मी तिची पद्धत उचलली, ते नाव मात्र सोडलं. नव्या सुनेनं सासरच्या देवापुढे भलत्याच कुणाचं नाव घेणं बरं दिसलं नसतं. आणि इथे पहिलं व्रत आडवं येतं म्हणून सांगते, मी हे व्रत देवासाठी घेतलं नव्हतं, सासूबाईंना ऐकू जावं म्हणून घेतलं होतं. त्या शेजारच्या खोलीत असत. त्यांचं नाव मी जरा सावकाश घ्यायची.

एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. माणसं गेली, माणसं आली, आकडा अकराच्या आसपास राहिला. लेकीचं लग्न होऊन तिचं आडनाव बदललं, तरी तिचं नाव काढलं नाही. नियम नियमाच्या जागी. एकूण अडीच मिनिटांचं काम. सासूबाई ठामपणे सांगून गेल्या होत्या की या आडनावाचं घर जगात एकच, आणि ते आपलं. त्यामुळे अकरा नावांत जग संपत होतं.

अकरा वर्षांपूर्वी समोरच्या घरात त्याच आडनावाचे लोक राहायला आले.

नवरा, बायको, मुलगा आणि नंतर सून. बायको शाळेतल्या शिक्षिका, गल्लीत सगळे त्यांना बाई म्हणतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई हसत हसत आमच्या दारात आल्या. “वहिनी, आडनाव एकच, म्हणजे आपण एकच की.”

मी अगदी हळू आवाजात विचारलं, “तुमचं मूळचं की घेतलेलं?”

मी मृदू बोलते, असं सगळे म्हणतात. मृदू बोलण्याचा तोटा असा की ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द नीट ऐकू जातो. बाईंचं हसू तिथल्या तिथे विझलं आणि त्यानंतर अकरा वर्षं आमच्या दोन खिडक्या समोरासमोर उघडत होत्या, बोलणं बंद होतं. तिसरं व्रत पाळायला सोपं जावं म्हणून मी त्यांच्याबद्दल बोलतच नसे. वाईट बोलायचं नसेल तर काही माणसांच्या बाबतीत दुसरा मार्गच उरत नाही.

माझ्या मनात हिशेब स्पष्ट होता. ते मूळचे असतील तर अकरा वर्षं मी चार नावं गाळली आणि व्रत कधीचं मोडलं. ते मूळचे नसतील तर माझं व्रत शाबूत. म्हणजे ते मूळचे नव्हतेच. इतक्या सरळ तर्कात मला कधी खोट दिसली नाही.

मग मतदार कार्यालयाचं पत्र आलं. आमच्या ह्यांच्या आणि समोरच्यांच्या नावाचं पहिलं अक्षर एक, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर एक, आडनाव एक आणि गल्ली एक, तेव्हा ही एकाच इसमाची दुबार नोंद दिसते, एक रद्द का करू नये याचा खुलासा करावा.

आमचे हे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेल्या माणसाला कुणीतरी दुबार म्हणावं, हे त्यांना सहन झालं नाही. ते कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, “दोन नोंदींतली एक मूळ असते, एक चुकीची. तुम्ही कुठली?”

“मी माणूस आहे,” हे म्हणाले.

“ते कागदावर दाखवा.”

घरी येऊन त्यांनी ते पत्र पुन्हा एकदा वाचून काढलं. मग म्हणाले, “मूळ कोण ते आता शास्त्रानंच ठरू दे.” मी वरकरणी शांत होते. आतून मला ह्यांच्यापेक्षा घाई होती.

आमची लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिनं फोनवर समजावलं की पुरुषांच्या पेशीत एक बारीक धागा असतो, तो बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो, आडनाव जातं तसा. दोन घरांचा धागा जुळला की घर एक, आणि तपासणारे आलेला नमुना आधीच्या सगळ्या नमुन्यांशी ताडून बघतात. तिनं एक पेटी मागवून दिली. पेटीत दोन नळ्या होत्या. त्यात थुंकायचं आणि पाठवून द्यायचं.

“दुसरी नळी तुझी,” हे मला म्हणाले. “वाया कशाला घालवायची?”

पेटीतल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की स्त्रियांच्या नमुन्यावरून आडनावाचा वंश कळत नाही, इतर नातेवाईक मात्र कळतील. मला ते लागलं. एकतीस वर्षं मी हे आडनाव विजेच्या बिलापासून दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत वागवते आहे, आणि माझ्या थुंकीला त्याचा पत्ताही नाही.

थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नव्हतं. ह्या कामाला माझ्याइतकी योग्य बाई शोधून सापडली नसती, मी उठल्यापासून कोरडीच असते. पण तीच अडचण झाली. नळीवरच्या रेघेपर्यंत भरायचं होतं आणि तोंडात टिपूस नाही. शिवाय मी आयुष्यात कुणासमोर थुंकलेली नाही. हे समोर उभे राहून लिंबू कापत होते, म्हणजे मला बघून पाणी सुटेल. पाणी ह्यांनाच सुटलं. त्यांची नळी मिनिटात भरली, आणि मग त्यांनी ती उजेडासमोर धरून निरीक्षण सुरू केलं. फेस धरायचा की नाही? रेघेची वरची कड मोजायची की खालची? त्यांनी नोकरीतलं भिंग काढलं. माझी नळी भरायला सव्वा तास लागला, आणि त्यातही शेवटचे चार थेंब मला ह्यांच्या सरकारी बदलीच्या आठवणीनं आलेल्या रडण्याचे असावेत असा संशय आहे.

पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईनं पेटी हलवून विचारलं, “आत काय आहे?”

पहिलं व्रत. “थुंकी,” मी म्हणाले.

“काय? मोठ्यानं बोला.”

दुसरं व्रत. “थुंकी,” मी तितक्याच हळू म्हणाले.

रांगेत मागे एक गृहस्थ होते, त्यांना माझी दया आली. ते माझ्या वतीनं सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल असं म्हणाले, “थुंकी म्हणतायत त्या. थुंकी आहे आत.”

“कुणाची?”

“दोघांची,” हे म्हणाले, “पण वेगवेगळ्या नळ्यांत.”

रांगेत थोडी जागा मोकळी झाली. काउंटरवरच्या बाईनं फॉर्म काढला. “नाशवंत आहे का?”

“सगळंच आहे,” मी म्हणाले. तिनं खूण केली. मग पाठवणाऱ्याचं आडनाव लिहिताना तिचा हात थांबला. “हे तर मागेच गेलं की. दोन महिन्यांपूर्वी अशीच पेटी, हेच आडनाव, हीच गल्ली. त्या बाई मात्र पहिल्याच वेळी मोठ्यानं बोलल्या होत्या.”

आम्ही दोघं घरी आलो. आम्हाला त्यांच्यावर शंका होती, हे ठीक. तो आमचा हक्कच होता. पण त्यांना आमच्यावर शंका असावी, आणि तीही दोन महिने आधी, याला काय म्हणायचं ते मला सुचेना. जे सुचलं ते तिसऱ्या व्रतात बसत नव्हतं.

आठ आठवड्यांनी ह्यांचा अहवाल आला. आमचा धागा आणि समोरच्यांचा धागा यांचा काहीही संबंध नव्हता. मी देवापुढे गेले आणि दिव्यात तेल जरा जास्त घातलं. अकरा वर्षं मी बरोबर होते.

हे अहवाल घेऊन मतदार कार्यालयात गेले, तर तिथे समोरचे त्यांचा अहवाल घेऊन उभे. कारकुनानं दोन्ही अहवाल बाजूला सारले. “हे कागद नकोत. दोघं एकाच वेळी माझ्या खिडकीसमोर उभे राहा.” दोघं उभे राहिले. त्यानं मान वर करून एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे बघितलं, “दोन आहेत” असा शेरा मारला आणि शिक्का उठवला. हे पहिल्याच दिवशी झालं असतं. त्यासाठी समोरच्याला ‘चला’ म्हणावं लागलं असतं, एवढंच. दोघं घरी परतले ते गप्पा मारत, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फिरायला बरोबर जाऊ लागले. पुरुषांना अभिमान कमी असतो.

खरा घाव पुढे होता. अहवालाखाली लिहिलं होतं की याच आडनावाच्या लोकांचा एक गट आहे, त्यात सामील व्हावं. हे झाले. गटप्रमुख धंद्यानं दातांचे डॉक्टर. ते फोनवर बोलतात तेही समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्याला उत्तर देता येणार नाही अशा समजुतीनं. त्यांनी सांगितलं, “आडनाव एक, मुळं एकोणीस. तपासून झालंय. पूर्वी कधीतरी एकोणीस निरनिराळ्या माणसांना त्यांच्या कामावरून लोकांनी एकच नाव चिकटवलं. कोण कुणाचा नाही.”

मी ह्यांच्याकडून फोन घेतला. “मग मूळचं घर कुठलं?”

“कुठलंच नाही,” डॉक्टर म्हणाले. “किंवा सगळीच.”

त्या शेवटच्या दोन शब्दांनी माझा घात केला. मूळ घर एकच नसेल, तर आमचं घरही मूळचं नाही. म्हणजे व्रताप्रमाणे एक तर मला आमच्याही घरातल्या कुणाचं नाव घेण्याचं कारण नाही, नाहीतर सगळ्यांचं घ्यायला हवं. पहिला पर्याय मी विचारात घेतला, ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यादी पाठवली. घरोघरच्या माणसांसकट सहाशे अकरा नावं. लग्न झालेल्या मुली यादीत नव्हत्या, त्या दुसऱ्या आडनावांत गेल्या म्हणून वगळल्या होत्या. मी लेकीचं नाव हातानं लिहिलं. सहाशे बारा.

तीनशे अठ्ठ्याऐंशी ते तीनशे एक्क्याण्णव, समोरचे.

सुरुवातीला मला वाटलं, होईल. सहाशे बारा म्हणजे फार तर अडीच तास. सात वाजता बसले की साडेनऊला पाणी. पण अकरा नावं घेताना मध्ये कुणी येत नाही. सहाशे बारा घेताना सगळे येतात. पहिल्या दिवशी दोनशे चाळीसला दूधवाल्यानं पिशवी फुटकी दिली आणि माझ्या तोंडून “अहो, गळतंय” निघालं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी पाचशे चाळीसला मला शिंक आली आणि शिंकेमागून सवयीनं “देवा” निघालं. देवाचंच नाव होतं, पण तो या आडनावाचा नाही. पुन्हा पहिल्यापासून.

गल्लीत बातमी पसरली, सल्ले सुरू झाले. कोपऱ्यावरचे औषधवाले म्हणाले, मोठ्या अक्षरात छापून घ्या, डोळ्यांवर ताण नको. वरच्या मजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात, ते म्हणाले की लहान स्टेशनांवर गाडी थांबवायचीच कशाला, मोठी नावं घ्या आणि बाकीची हात दाखवून सोडा. जाऊबाईंचा फोन आला. “आमचं नाव आधी घेत जा,” त्या म्हणाल्या, “तोवर तू ताजी असतेस.” ह्यांनी घड्याळ लावून दर नावाला किती सेकंद लागतात याचा तक्ता केला आणि भिंतीवर लावला. डॉक्टर दर आठवड्याला फेरबदल कळवत. कुणी गेले, कुणी जन्मले, आकडा मात्र तिथेच राहायचा.

माझं पहिलं पाणी आता कधी बाराला, कधी एकला. आणि तोवर मी गप्प. स्वयंपाक खुणांनी, भाजी खुणांनी, ह्यांच्याशी मतभेदही खुणांनी. ह्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. ते मला सगळ्यात जास्त खटकलं.

खरं तर सगळ्यात जास्त खटकायला हवं होतं ते वेगळंच. ते आता सांगते, कारण पहिलं व्रत आहेच.

पहिल्याच सकाळी तीनशे सत्त्याऐंशीवं नाव घेतलं आणि मला ठसका लागला. खराच लागला. चार नावांएवढा चालला, आणि थांबला तेव्हा डोळे तीनशे ब्याण्णववर होते. मी म्हटलं, असू दे, नावं ठसक्यात घेतली गेली. देवाला ठसकाही कळतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा ठसका लागला. तिसऱ्या दिवशी तो खरा होता की नव्हता, सांगता येत नाही. चौथ्या दिवसापासून मी तीनशे ऐंशीलाच त्याची तयारी करू लागले. सहाशे बारा माणसांसाठी उपाशी राहायला मी तयार होते, पण समोरच्या खिडकीतल्या बाईंना सुखात ठेव, एवढं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

तीन आठवडे असे गेले. मग एक दिवस गॅसवाला आला, मग मीटर वाचणारा आला, आणि दोघांनाही मी काही ना काही बोलले. हे समोरच्यांबरोबर बँकेत गेले होते. तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केलं तेव्हा साडेदहा झाले होते. खिडकीजवळ बसून, यादी मांडीवर घेऊन मी तीनशे सत्त्याऐंशीपर्यंत आले आणि ठसक्यासाठी श्वास घेतला.

ठसका आला नाही.

ठसका यायलाही तोंडात ओल लागते. टाळ्याला जीभ चिकटली होती. मी पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली. खोकता येईना, नाव घेता येईना, पुढे जाता येईना. डोळ्यांपुढे ओळी वर-खाली व्हायला लागल्या आणि मी खुर्चीवरून सावकाश खाली जमिनीवर बसले. पडले असं मी म्हणणार नाही. बसले.

दार उघडंच होतं. चपलांचा आवाज आला आणि बाई आत आल्या, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात माझ्यासारखीच यादी.

“वहिनी, आज ठसका नाही आला?”

मी यादी मांडीवर घट्ट धरली.

“तीन आठवडे ऐकतेय. तुमची खिडकी उघडी, माझी उघडी. मी यादीवर बोट ठेवून ऐकत असते. तीनशे सत्त्याऐंशीनंतर खोकला, बरोबर चार नावांएवढा, की पुढे गाडी सुरू.” त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. “तेहेतीस वर्षं वर्गात हजेरी घेतली आहे मी. कोण कुठल्या नावाला खोकतं आणि का खोकतं, ते मला पाठीमागून कळतं. पाणी प्या.”

मी मान हलवली आणि यादीवर बोट ठेवलं.

“माहीत आहे. नावं झाल्याशिवाय नाही. मग घ्या की आमची चार. मी इथेच बसते.”

माणूस नजरेआड असताना त्याला गाळणं सोपं असतं. तो पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसला की फार अवघड जातं. मी तीनशे अठ्ठ्याऐंशीवं नाव घेतलं. घशातून कशीबशी चिरकी ओळ निघाली. सुखात ठेव.

“हजर,” बाई म्हणाल्या. “म्हणजे बँकेत आहेत, पण हजर धरा.”

तीनशे एकोणनव्वद, बाईंचं स्वतःचं. त्यांच्याकडे न बघता घेतलं.

“हजर.”

मुलाचं घेतलं. सुनेचं घेतलं. दोन्ही वेळा त्यांनी गंभीरपणे हजर म्हटलं. मग माझ्या मांडीवरची यादी उचलली. “पुढची मी घेते, तुम्ही मनात म्हणा.” आणि त्यांनी सुरुवात केली. साठ पोरांची हजेरी दोन मिनिटांत उरकणाऱ्या बाई त्या. दोनशे एकवीस नावं, प्रत्येकामागे सुखात ठेव, सगळं मिळून चौदा मिनिटं. मध्ये एकाही नावाला अडखळल्या नाहीत. शेवटचं नाव झालं, पेला माझ्या हातात दिला.

पाणी प्यायल्यावर मी म्हणाले, “तुमचं मूळचं की घेतलेलं, असं मी विचारायला नको होतं.”

“घेतलेलंच आहे,” बाई म्हणाल्या. “तुमचंही घेतलेलंच. दोघींनी लग्नात घेतलं.”

एकतीस वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

हे बँकेतून आले, मला जमिनीवर आणि बाईंना माझ्या शेजारी बघून दारातच थांबले. सगळं ऐकून झाल्यावर मी माझी नवी काळजी सांगितली. पाणी तर प्यायले, पण दोनशे एकवीस नावं माझ्या तोंडून गेली नाहीत. व्रत माझं, तोंड परक्याचं. हे धरायचं की नाही?

हे उगाचच चष्मा पुसू लागले. मला तो चष्मा पुसणं माहीत आहे.

“तुझा अहवाल महिन्यापूर्वीच आला आहे,” ते म्हणाले. “मी सांगितलं नाही, कारण तो सदोष आहे. सगळ्यात जवळची नातेवाईक म्हणून आपल्याच आडनावाची बाई दाखवतायत. तुझं माहेर वेगळं, आडनाव वेगळं, मग हे कसं शक्य आहे? नमुने मिसळलेत. मी तीन पानी तक्रार केली आहे.”

“बाईचं नाव काय?”

त्यांनी यादी घेतली आणि तीनशे एकोणनव्वदवर बोट ठेवलं.

बाई म्हणाल्या, “आमच्याही पेटीत दोन नळ्या होत्या.”

लेकीला फोन लावला. ती बराच वेळ हसली, मग म्हणाली, “बाबा, आडनाव थुंकीत नसतं. तक्रार मागे घ्या. आईची आजी आणि त्यांची आजी बहुतेक सख्ख्या बहिणी असाव्यात. विचारा त्यांनाच.”

विचारायला लागलंच नाही. “माझ्या आजीला धाकटी बहीण होती,” बाई म्हणाल्या. “दोघींची लग्नं झाली, लांब लांब गेल्या. नावं बदलली, पत्ते बदलले. आधी पत्रं यायची, मग कुठल्या नावानं लिहायचं तेच एकमेकींना कळेना. आजी शेवटपर्यंत म्हणायची, ती जिथे असेल तिथे जेवली असेल ना.”

“आजीचं नाव काय तुमच्या?”

बाईंनी सांगितलं.

ते नाव मी लहानपणी रोज ऐकलं होतं, दोन वेळा, जेवणाआधी, सगळ्यांच्या आधी. आहे एक. तू जेव. एकतीस वर्षांपूर्वी मी ते सोडून आले होते, बरं दिसणार नाही म्हणून.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. नळीच्या वेळी एवढं आलं असतं तर सव्वा तास वाचला असता. बाईंनी पदर पुढे केला, आणि पहिल्यांदाच त्यांचं ‘अहो वहिनी’ गळून पडलं. “अगं, रडतेस काय,” ती म्हणाली. “आधी जेव.”

तेव्हापासून यादी आम्ही वाटून घेतली आहे. हे शास्त्रात बसतं का, यावर मी दोन दिवस विचार केला. रक्ताच्या माणसाचं तोंड ते आपलंच तोंड, असा निर्णय मी दिला. आता शास्त्रानं एवढी थुंकी घेतली आहे, तर त्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. सकाळी सात वाजता दोन खिडक्या उघडतात. तीनशे सहा तिची, तीनशे सहा माझी. ती माझ्यापेक्षा तासभर आधी संपवते आणि खिडकीत उभी राहून चहा पिते, मला दिसेल असा. ती हे मुद्दाम करते, असं मी म्हणणार नाही. तिसरं व्रत आहे.

एक नाव वाढलं आहे, माझी आजी सगळ्यांत पहिलं घ्यायची ते. ती कधीच या आडनावाची नव्हती, नियमात कुठेच बसत नाही, आणि देवाला मी तसं स्पष्ट सांगितलं आहे. सहाशे तेरा ही विषम संख्या, ती वाटता येत नाही, अशी हरकत ह्यांनी काढली. वाटायची नाहीच आहे. ते नाव पहिलं येतं आणि दोन्ही खिडक्यांतून आम्ही ते एकदम घेतो. त्यानंतर मात्र जिची तिची शर्यत.